जॅग्वार एक्सके १२० : ॲल्युमिनियम बॉडीच्या पहिल्या गाड्यांचा चेसिस नंबर खरा आहे का, हे कसं तपासायचं?

तेलकट_हात

एका जॅग्वार एक्सके १२० ची खरेदीआधी तपासणी करायची आहे. गाडी इंग्लंडमध्ये उभी आहे, उघडी टू-सीटर. ॲल्युमिनियम बॉडीच्या पहिल्या खेपेतली आहे असं विकणारा सांगतो आणि किंमतही त्याच हिशेबाने मागतो. आत्तापर्यंत हाती लागलेलं असं :

– फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवरचा चेसिस नंबर ६७० ने सुरू होतो, पुढचे तीन आकडे १८४ च्या आतले आहेत. पूर्ण नंबर इथे मुद्दाम देत नाही.
– स्टिअरिंग मात्र उजवीकडे आहे.
– ब्लॉकवरचा इंजिन नंबर ‘डब्ल्यू’ने सुरू होतो. सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकावरही ‘डब्ल्यू’चाच नंबर आहे, पण तो ब्लॉकपेक्षा वेगळा.
– सोबत १९५० च्या दशकातलं अमेरिकेतलं जुनं टायटल (गाडीच्या मालकीचा सरकारी कागद) आहे. त्यावर चेसिस नंबर नाहीच. आहे तो नंबर हेडवरच्या नंबराशी तंतोतंत जुळतो.
– चेसिसवर ठोकलेला नंबर दिसत नाही. सगळीकडे जाड काळा रंग आहे.
– बॉनेट, दोन्ही दरवाजे आणि डिकीच्या झाकणाला चुंबक चिकटत नाही. विकणाऱ्याचा सगळ्यात मोठा पुरावा हाच.
– चाकं तारेची आहेत, मागच्या चाकांवरची झाकणं नाहीत.

प्रश्न तीन. ठोकलेला नंबर नेमका कुठे शोधायचा आणि तो खराब न करता कसा उघडा करायचा? ६७० नंबर आणि उजवं स्टिअरिंग यांचा मेळ कसा घालायचा? आणि टायटलवर इंजिनाचा नंबर का?


सहा_सिलिंडर

आधी मालिका पक्क्या करून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

एक्सके १२० पहिल्यांदा दाखवली गेली ती ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात. तेव्हा बॉडी ॲश लाकडाच्या सांगाड्यावर हाताने बसवलेल्या ॲल्युमिनियम पत्र्याची होती, कारण थोड्याच गाड्या करायचा बेत होता. मागणी इतकी आली की पोलादी पत्र्यासाठी प्रेसचे साचे करावे लागले आणि १९५० मध्ये पोलादी बॉडी सुरू झाली. तोवरच्या ॲल्युमिनियम गाड्यांचे नंबर असे : उजव्या स्टिअरिंगच्या ६६०००१ ते ६६००५८, डाव्या स्टिअरिंगच्या ६७०००१ ते ६७०१८४. म्हणजे ५८ आणि १८४, एकूण २४२. पहिली पोलादी गाडी उजव्या स्टिअरिंगमध्ये ६६००५९ आणि डाव्या स्टिअरिंगमध्ये ६७०१८५. पुढे १२ हजारांहून जास्त एक्सके १२० बनल्या, त्यातल्या एवढ्याच ॲल्युमिनियमच्या. पट्टीवरच्या तीन आकड्यांना एवढं मोल येतं ते यामुळेच.

दोन्ही मालिका शेजारी शेजारी चालल्या. त्यामुळे ६७०१०० ही ६६००५० च्या नंतर बनली असं नंबरावरून म्हणता येत नाही. एकाच मालिकेतही तारखा पुढेमागे होतात. नंबर मोठा म्हणून गाडी उशिराची, असा हिशेब मांडू नका. तारीख फक्त कारखान्याच्या नोंदवहीतून कळते.

या टोकाचे काही नंबर रसिकांना तोंडपाठ आहेत. ३० मे १९४९ रोजी बेल्जियममधल्या याब्बेकेच्या रस्त्यावर ताशी १३२ मैलांहून जास्त वेग गाठणारी ‘एचकेव्ही ५००’ नंबरप्लेटची गाडी ही ६७०००२. इयन ॲपलयार्ड यांची रॅलीतली ‘एनयूबी १२०’ ही ६६००४४. १९५० च्या सप्टेंबरात डंड्रॉडला स्टर्लिंग मॉस यांनी टूरिस्ट ट्रॉफी जिंकली ती टॉमी विस्डम यांची ‘जेडब्ल्यूके ९८८’, म्हणजे ६६००५७. अशा गाड्यांची ये-जा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, त्यांचा नंबर चोरून चालवणं अवघड. फसवणूक होते ती मधल्या, नाव नसलेल्या नंबरांत. अमेरिकेत गेलेली, साठच्या दशकात कुठल्या तरी शेडमध्ये मोडून पडलेली, मागे फक्त एक पट्टी आणि एक कागद उरलेला. तुमच्या गाडीचा नंबर त्याच जातीचा आहे, म्हणून जपून.

आता चुंबक. विकणाऱ्याचा पुरावा काही सिद्ध करत नाही. पोलादी बॉडीच्या उघड्या एक्सके १२० मध्येसुद्धा बॉनेट, दरवाजे आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच होतं. म्हणजे ज्या तीन जागी चुंबक लावून दाखवला, त्या तीनही जागी तो कुठल्याच उघड्या १२० ला चिकटायचा नाही. चुंबक लावायचा तो पुढच्या मडगार्डांना, मागच्या मडगार्डांना, काचेखालच्या स्कटलला आणि डिकीच्या झाकणाभोवतीच्या पत्र्याला. बारीक पण ताकदवान चुंबक घ्या आणि पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा, रंगाला ओरखडा जाणार नाही. पुट्टी जाड असेल तर पोलादावरही चुंबकाची पकड ढिली पडते, म्हणून एकाच मडगार्डावर आठ-दहा ठिकाणी लावून बघा.

सगळीकडे ॲल्युमिनियम निघालं तरी त्यातून धातू कळतो, वय कळत नाही. पूर्ण नवी ॲल्युमिनियम बॉडी आज करून मिळते. त्यामुळे आत बघा. डिकीतलं अस्तर सोडवा, दरवाजाच्या चौकटीची गादी सोडवा, ॲशचा सांगाडा पाहा. लाकूड नवं असणं हा गुन्हा नाही, सत्तर वर्षांत ॲश कुजतंच. ॲल्युमिनियम जिथे पोलादाला टेकतं तिथे ओलाव्याने ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, म्हणून पत्र्याच्या कडाही बदललेल्या सापडतात. पण जुनी बॉडी खरोखर होती आणि दुरुस्त केली असेल, तर कामाचे फोटो असतात, काढून टाकलेले तुकडे असतात, निदान दोन-चार जुने पत्रे तरी जागेवर असतात. लाकूड नवं, पत्रा नवा, फोटो एकही नाही, असं असेल तर किंमत चेसिसची आणि इंजिनाची लावा, बॉडीची नाही.

तारेची चाकं मूळची नाहीत. ती १९५१ पासून मिळू लागली. ॲल्युमिनियम गाड्या १६ इंची पोलादी डिस्क चाकांवर आणि मागच्या झाकणांसह बाहेर पडल्या. झाकणं लावायच्या खुणा मागच्या मडगार्डात आतून दिसायला हव्यात. कॅम कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरची झाकणं, तीही बघा : सुरुवातीच्या इंजिनांवर कव्हरच्या पुढच्या टोकाला स्टड आणि नट नसतात, टोक गुळगुळीत असतं. हेड जर खरंच त्या काळातलं असेल तर तिथे स्टड दिसता कामा नयेत. मागचा ॲक्सल सुरुवातीला ईएनव्हीचा, नंतर सॉल्सबरीचा आला. यातली एकेक वस्तू बदललेली असू शकते, त्यावरून गाडी खोटी ठरवू नका. मात्र सगळ्याच वस्तू उशिराच्या निघाल्या तर खालची चेसिसही उशिराची असायची शक्यता मनात ठेवा.

चेसिस नंबराच्या आधी ‘एस’ अक्षर कुठे दिसलं तर लगेच थांबा. ते अक्षर स्पेशल इक्विपमेंटच्या नंतरच्या गाड्यांचं, ॲल्युमिनियम मालिकेत त्याला जागा नाही.

उजव्या स्टिअरिंगचं कोडं पुढच्या प्रतिसादात कुणी सोडवलं नाही तर लिहितो.


पंच_आणि_हातोडा

ठोकलेला नंबर चेसिसच्या डाव्या साइड मेंबरवर (बाजूच्या लांब तुळईवर), फ्लायव्हील हाउसिंगच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या समोर असतो. डावी बाजू म्हणजे ड्रायव्हरच्या जागेवर बसून डावी. या इंजिनाचा एक्झॉस्ट त्याच बाजूला आहे, पाइप तिथूनच खाली उतरतात. त्यामुळे सत्तर वर्षांचं तेल, काजळी आणि भाजलेला रंग यांचा थर नेमका नंबरावर बसलेला असतो. बॉनेट उघडून वरून टॉर्च मारून दिसला नाही म्हणजे नाहीच, असं नाही.

उघडा करताना क्रम असा ठेवा. आधी डिग्रीसरने तेल काढा आणि कोरडं पुसा. मग जेलसारखा पेंट रिमूव्हर ब्रशने लावून डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका राहू द्या. ॲल्युमिनियम पत्र्यावर थेंब पडू देऊ नका, वर प्लास्टिक आणि टेप लावा. फुगलेला रंग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. उरलेला मऊ पितळी ब्रशने, तोही हाताने. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश, सँडपेपर, ग्राइंडर आणि सँडब्लास्टिंग यांतलं काहीही नको. आकड्याच्या कडेला पंचाने वर ढकललेली धातूची बारीक वरंबी असते. ती वरंबी म्हणजे आकडा कधी आणि कसा ठोकला याचा अर्धा पुरावा. पॉवर टूल ती पहिल्या दहा सेकंदांत उडवतं.

एक गोष्ट फार महत्त्वाची. पट्टीवरचा नंबर तोंडपाठ असलेल्या माणसाला ठोकलेला नंबर वाचायला देऊ नका. पुसट आकडा डोळ्यांना हवा तसा दिसतो. ज्याला नंबर माहीत नाही अशा कुणाला तरी बोलवा, दिसेल तसा आकडा आकडा लिहून घ्या, शंका असेल तिथे दोन्ही पर्याय लिहा आणि मगच पट्टीशी ताडून बघा.

फोटो तीन अंतरांवरून काढा. पहिल्यात नंबराची जागा आणि बेल हाउसिंग दोन्ही एकाच चौकटीत हवेत, नाहीतर तो फोटो कुठल्याही चेसिसचा असू शकतो. दुसरा एका वितीवरून. तिसरा अगदी जवळून, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून. जवळच्या फोटोला फ्लॅश नको. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो घ्या. एका बाजूच्या उजेडात ३ दिसणारा आकडा दुसऱ्या बाजूच्या उजेडात ८ निघतो. पातळ कागद टेपने घट्ट चिकटवून मऊ पेन्सिल आडवी घासून छाप घ्या. त्याहून चांगला म्हणजे दातांच्या साच्यासाठी वापरतात तो सिलिकॉन. त्यात खोली, तळाचा आकार आणि वरंबी तिन्ही उतरतात आणि साचा घरी नेऊन भिंगाखाली बघता येतो.

बघायचं काय? आकडे एकेक करून हाताने ठोकलेले, त्यामुळे थोडे वरखाली आणि कललेले असणं हेच साहजिक. पट्टीने आखल्यासारखी सरळ ओळ आणि सगळीकडे एकसारखी खोली दिसली तर संशय घ्या. आकड्यांची वळणं बघा : ४ चं डोकं उघडं की बंद, १ ला पाय आहे का, ७ चा दांडा सरळ की वाकडा. ६ आणि ९ साठी बहुतेक वेळा एकच पंच उलटा करून वापरतात, म्हणजे दोन्हींची शेपूट एकसारखी यायला हवी. ही वळणं जवळच्या नंबरांच्या खात्रीच्या गाड्यांच्या फोटोंशी जुळवा. लांबच्या नंबरांशी जुळवण्यात अर्थ नाही, पंच झिजतात आणि बदलले जातात.

मग आजूबाजूचा पत्रा. अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने साइड मेंबरवर दर दोन सेंटिमीटरला जाडी मोजा, नंबराच्या दोन्ही बाजूंना किमान पंधरा सेंटिमीटर. नंबराच्या जागीच जाडी कमी झाली तर तिथे घासलंय. एकाएकी उडी मारली तर तुकडा जोडलेला असू शकतो. साइड मेंबर पेटीसारखा पोकळ आहे, त्याच्या भोकातून बोरोस्कोप आत सरकवा. बाहेरून वेल्डिंग कितीही सफाईने घासलं तरी आतल्या बाजूला जळकी रेघ राहते.


जुनी_दप्तरं

टायटलवरच्या नंबराने घाबरू नका, उलट तो तुमच्या हातातला सगळ्यात चांगला कागद आहे.

त्या काळी अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत गाडीची नोंद चेसिस नंबराने नव्हे, इंजिन नंबराने होत असे. परदेशी गाडी आली की कारकून जो नंबर सहज सापडेल तो लिहायचा. म्हणून ‘डब्ल्यू’ने सुरू होणारं टायटल दिसलं की ते इंजिनाचं समजा. तुमच्या टायटलवरचा नंबर हेडवरच्या नंबराशी जुळतो. या इंजिनांत नंबर दोन जागी ठोकायचे : ब्लॉकच्या उजव्या बाजूला तेलाच्या फिल्टरच्या वर, आणि हेडच्या पुढच्या टोकाला. दोन्ही एकच असायचे. तेव्हा सरळ अर्थ असा की टायटल झालं तेव्हा गाडीत जे इंजिन होतं, त्याचं हेड शिल्लक आहे आणि ब्लॉक नंतर बदललाय.

आता हे टायटल चेसिस नंबराला बांधायचं कसं? कारखान्याच्या नोंदवहीने. जॅग्वारच्या जुन्या नोंदी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे आहेत. तिथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर एका चेसिस नंबरासमोर इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे मूळ नंबर, बाहेरचा रंग, आतल्या चामड्याचा रंग, गाडी पूर्ण झाल्याची आणि कारखान्यातून निघाल्याची तारीख, आणि कुठल्या वितरकाकडे गेली हे येतं. अर्ज मालकाने करायचा असतो, म्हणून विकणाऱ्यालाच करायला लावा. तो टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा. प्रमाणपत्रावरचा इंजिन नंबर टायटलवरच्या नंबराशी जुळला, तर १९५० च्या दशकातला अमेरिकन कागद आणि कॉव्हेन्ट्रीची नोंदवही एकमेकांना साक्ष देतात. ही साक्ष नंतर कुणाला बनवता येत नाही.

पण प्रमाणपत्र काय सांगतं ते नीट समजून घ्या. त्या नंबराची गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली एवढंच ते सांगतं. समोर उभी असलेली गाडी तीच आहे असं ते म्हणत नाही. गाडी कुणी येऊन बघितलेली नसते. जाहिरातीत ‘हेरिटेज प्रमाणपत्रासह’ असं ठळक लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ याहून जास्त लावू नका.

प्रमाणपत्र हातात आलं की त्यावरची प्रत्येक ओळ गाडीवर शोधा. बॉडी नंबराची छोटी पट्टी स्कटलच्या उजव्या बाजूला असते, उघड्या गाड्यांचा बॉडी नंबर ‘एफ’ने सुरू होतो. इथे गफलत होते : नंतरच्या काळात ‘डब्ल्यू’ संपल्यावर इंजिन नंबरही ‘एफ’ने सुरू झाले. जुन्या पत्रव्यवहारात ‘एफ’चा नंबर दिसला तर तो बॉडीचा की इंजिनाचा, हे आधी ठरवा. इंजिन नंबराच्या शेवटी ७, ८ किंवा ९ असा जोड असतो, तो कॉम्प्रेशनचा. बॉडी नंबराला तो नसतो.

रंगाची ओळ लोक सोडून देतात, मला ती फार कामाची वाटते. डॅशबोर्डच्या मागे किंवा स्कटलच्या आत, जिथे कुणी नीट रंग देत नाही, तिथे नखाएवढी जागा बारीक ओल्या सँडपेपरने गोल घासा. थर एकात एक वर्तुळांसारखे उघडे पडतात. सगळ्यात खाली, प्रायमरला लागून, नोंदवहीतला रंग असायला हवा. नव्या पत्र्यावर तो कधीच सापडणार नाही, म्हणून हीच तपासणी बॉडीच्या वयाचाही अंदाज देते.

वितरकाचं नावही बघा. पूर्व अमेरिकेसाठी न्यूयॉर्कचे मॅक्स हॉफमन आणि पश्चिमेसाठी लॉस एंजेलिसचे चार्ल्स हॉर्नबर्ग, बहुतेक नोंदी या दोघांच्या. टायटल ज्या राज्याचं आहे ते वितरकाच्या बाजूचं असेल तर ठीक. नसेल तर मधल्या मालकाचा एखादा कागद मागा.

इंग्लंडमधली सध्याची नोंदणी कोणत्या आधारावर झाली, तेही विचारा. अमेरिकेतून परत आलेल्या गाडीला वयानुसार नंबरप्लेट मिळते, ती मूळची नसते. गाडी सुरुवातीपासून इंग्लंडमध्ये असल्याचा दावा असता तर ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टमध्ये आणि काउंटीच्या दप्तरखान्यांत जुन्या नोंदणीच्या वह्या बघाव्या लागल्या असत्या. तुमच्या गाडीला त्याची गरज नाही.


सहा_सिलिंडर

उजव्या स्टिअरिंगबद्दल. ६७० म्हणजे कारखान्यातून डावं स्टिअरिंग, यात दुमत नाही. अमेरिकेतून इंग्लंडमध्ये परत आलेल्या बऱ्याच एक्सके गाड्यांचं स्टिअरिंग नंतर बदललेलं असतं, म्हणून विसंगती एवढ्यावरून वाईट म्हणता येत नाही. पण दुसरी शक्यताही आहे आणि ती खर्चिक आहे : मूळची उजव्या स्टिअरिंगची पोलादी गाडी, तिच्यावर मेलेल्या ६७० ची पट्टी आणि कागद.

दोन्हींत फरक करायचा असेल तर डाव्या बाजूच्या खुणा शोधा. बदललेल्या गाडीत डावीकडे पेडल आणि स्टिअरिंग कॉलमची भोकं झाकलेली असतात, कार्पेट उचलून आतून बघा. चेसिसवर डाव्या बाजूला स्टिअरिंग बॉक्स बसायची जागा आणि बोल्टची भोकं असतात, त्यांच्या कडा वर्षानुवर्षं बोल्ट दाबून बसल्यामुळे चकचकीत आणि दबलेल्या असतात. उजवीकडची भोकं त्या मानाने ताजी दिसायला हवीत. उलट आढळलं, म्हणजे उजवीकडची जागा जुनी आणि डावीकडे काहीच वापरलेलं नाही, तर ती चेसिस ६७० ची नाही. मग पट्टी काहीही म्हणो.


तेलकट_हात

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं, निष्कर्ष लिहितो.

चुंबक : पुढची-मागची मडगार्डं, स्कटल, कुठेच चिकटत नाही. लाकूड निम्मं जुनं, निम्मं नवं, दुरुस्तीचे फोटो आहेत. डाव्या बाजूला पेडलची भोकं पत्र्याने झाकलेली सापडली, स्टिअरिंग बॉक्सची डावी जागा झिजलेली आहे. विकणाऱ्याने प्रमाणपत्र मागवलं, त्यावरचा इंजिन नंबर टायटलशी आणि हेडशी जुळतो. बॉडी नंबराची पट्टी गायब आहे.

ठोकलेला नंबर मिळाला. नंबर माहीत नसलेल्या माणसाने वाचला : पहिले पाच आकडे स्पष्ट आणि पट्टीशी जुळणारे, शेवटचा ३ किंवा ८. पट्टीवर ३ आहे. त्या शेवटच्या आकड्यावरून समांतर बारीक रेघा गेल्या आहेत, जाडी तिथे किंचित कमी भरते. आम्लाने आकडा वर येतो असं ऐकलंय. करावं का?


पंच_आणि_हातोडा

आत्ता नको. पद्धत खरी आहे, कारण समजून घ्या. पंच बसतो तेव्हा आकड्याच्या खालचा धातूही दबून ताणला जातो. वरचा आकडा घासून काढला तरी तो ताणलेला थर काही खोलीपर्यंत राहतो आणि आम्लात बाकीच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो, म्हणून आकृती उमटते. पोलादासाठी फ्रायचं रसायन वापरतात : ९० ग्रॅम क्युप्रिक क्लोराइड, १२० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल, १०० मिलिलिटर पाणी. पण त्याआधी पृष्ठभाग आरशासारखा घासून घ्यावा लागतो, म्हणजे आज जो अर्धा आकडा दिसतोय तो कायमचा जातो. आकृती काही क्षणच दिसून पुसली जाऊ शकते. शिवाय तिथे कधी वेल्डिंगची आच लागली असेल तर ताणलेला थर मऊ होऊन गेलेला असतो आणि काहीच वर येत नाही. हे काम फॉरेन्सिकवाल्याचं, मालकाच्या लेखी परवानगीने, आणि इतर सगळे मार्ग संपल्यावरच. विकत न घेतलेल्या गाडीच्या नंबराला आम्ल लावणं म्हणजे उद्या तुमच्यावरच खाडाखोडीचा ठपका.

तुमचा प्रश्न सिलिकॉनच्या साच्याने सुटायला हवा. ३ आणि ८ मध्ये फरक फक्त डाव्या बाजूचा. साच्यात आकडा उठावदार आणि आरशातल्यासारखा उलटा येतो, म्हणून मूळ आकड्याच्या डाव्या दोन कमानी साच्यात उजवीकडे भिंगाखाली बघा; पुढचं डावं-उजवं मूळ आकड्याचं. ८ असेल तर डावीकडच्या रेषेचा तळ उजवीकडच्याइतकाच खोल आणि गोल असतो. ३ वर ओरखडा गेला असेल तर डावीकडची रेषा उथळ, टोकदार तळाची आणि समांतर रेघांच्याच दिशेने जाणारी दिसेल. वळणावर वळणारा ओरखडा नसतो.


जुनी_दप्तरं

प्रमाणपत्र जुळलं म्हणून शेवटचा आकडा ३ च, असं मात्र धरू नका. टायटल, हेड आणि पट्टी या तिन्ही उचलून नेता येण्याजोग्या वस्तू आहेत. त्या एकमेकांशी जुळल्या, चेसिसशी अजून नाही. चेसिसचा शेवटचा आकडा ८ निघाला, तर ती दुसऱ्याच खऱ्या ॲल्युमिनियम गाडीची चेसिस ठरेल आणि तुम्ही दोन गाड्यांचे भाग एका किमतीत घेत असाल.

म्हणून साच्यासोबत दुसरं काम करा. शेवटी ८ येणारी गाडी आज कुठे आहे हे एक्सकेडेटाच्या (एक्सके गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या) यादीत आणि क्लबांच्या नोंदवह्यांत शोधा. ती आपल्या ठोकलेल्या नंबरासह दुसरीकडे उभी असल्याचा फोटो मिळाला, तर तुमची शंका मिटली. तिचा थांगपत्ता १९६० नंतर लागत नसेल, तर साच्याचा निकाल येईपर्यंत बयाणा देऊ नका. द्यायचाच असेल तर करारात लिहून घ्या की चेसिसवरचा ठोकलेला नंबर पट्टीशी जुळला नाही तर पूर्ण रक्कम परत.

आणि एक. ब्लॉकवरचा ‘डब्ल्यू’ नंबरही त्याच यादीत शोधा. तो कुठल्या तरी दुसऱ्या एक्सके १२० चा मूळ ब्लॉक आहे आणि त्या गाडीचा मालक तो शोधत असू शकतो. तुमचा मूळ ब्लॉकही असाच कुणाच्या गाडीत बसलेला असेल. टायटलवरचा नंबर ‘शोध चालू’ म्हणून यादीत नोंदवून ठेवा.